१८९२ साली अ‍ॅनफील्ड रिकामं का झालं

मार्च १८९२ मध्ये जॉन हूल्डिंग या लिव्हरपूलमधल्या बिअर उत्पादकाकडे अ‍ॅनफील्ड हे इंग्लंडमधलं एक नावाजलेलं फुटबॉल मैदान होतं, मैदानाजवळ स्वतःचं हॉटेल होतं, आणि खेळायला संघ नव्हता. जेमतेम वर्षभरापूर्वी याच मैदानावर खेळून एव्हर्टनने लीगचं विजेतेपद मिळवलं होतं. तोच एव्हर्टन आता स्टॅन्ली पार्कच्या पलीकडच्या एका ओसाड जागेवर नवं मैदान बांधायला निघाला होता. हातात उरलेल्या मैदानाचं करायचं काय, या अडचणीतून हूल्डिंगने जो क्लब काढला, तो लिव्हरपूल. अ‍ॅनफील्डवर पहिले आठ हंगाम शेजाऱ्यांनी काढले होते, हे आजच्या लिव्हरपूलप्रेमींना ऐकून माहीत असतं, पण ते नेमके का गेले याबद्दल प्रत्येकाकडे आपापली गोष्ट असते.

एव्हर्टनच्या बाजूची गोष्ट अशी की हावरट जागामालकाने भाडं अडीचपट केलं. लिव्हरपूलच्या बाजूची अशी की ज्याने पदरचे पैसे घालून क्लब उभा केला, त्यालाच सभासदांनी हाकलून दिलं. तिसरी गोष्ट धर्माची आणि दारूची: एकीकडे बिअरवाला काँझर्व्हेटिव्ह, दुसरीकडे चर्चमध्ये जाणारे लिबरल. तिन्हींत तथ्य आहे. पण घटना तारखेनुसार लावल्या की भाड्याचा आकडा हे निमित्तच वाटायला लागतं. खरा गुंता हूल्डिंगच्या पदांचा होता, आणि तो गुंता क्लबने स्वतःच्या हाताने, आठ वर्षांत, आनंदाने विणला होता.

पार्कातून गेटापर्यंत

सुरुवात सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चपासून. तिथल्या तरुणांची क्रिकेट टीम होती. हिवाळ्यात काय करायचं म्हणून १८७८ मध्ये त्यांनी फुटबॉल सुरू केला. बाहेरचेही खेळायला यायला लागल्यावर चर्चचं नाव अडचणीचं झालं आणि नोव्हेंबर १८७९ मध्ये क्लबने वस्तीचं नाव घेतलं, एव्हर्टन. सामने सार्वजनिक स्टॅन्ली पार्कमध्ये व्हायचे. गोलचे खांब दर वेळी उचलून आणायचे, रोवायचे आणि खेळ संपल्यावर परत न्यायचे. पार्क सगळ्यांचा, त्यामुळे तिकीट लावायची सोय नाही. बघ्यांची गर्दी वाढत होती, पैसा मात्र शून्य.

म्हणून १८८३ मध्ये क्लब प्रायरी रोडवरच्या एका खाजगी कुरणात गेला. पहिल्या सामन्याला गेटवर जमले १३ शिलिंग. कुरणाचे मालक क्रुइट यांना या खेळाबद्दल आपुलकी होती, पण गर्दीचा आरडाओरडा त्यांना सोसवेना आणि वर्षभरात त्यांनी नम्रपणे दुसरी जागा बघायला सांगितलं.

इथे हूल्डिंग पुढे आला. सामान्य घरातून वर आलेला माणूस. दारूच्या भट्टीत नोकरी करता करता स्वतःची ब्रुअरी उभी केलेला, राजकारणात मुरलेला, एव्हर्टन भागात इतकं वजन असलेला की लोक त्याला ‘एव्हर्टनचा किंग जॉन’ म्हणत. अ‍ॅनफील्ड रोडवर ओरेल नावाच्या दुसऱ्या ब्रुअरी घराण्याची जमीन होती आणि ओरेलशी हूल्डिंगची ओळख होती. त्याच्या शब्दावर १८८४ मध्ये जमीन मिळाली. अटी बघण्यासारख्या आहेत: कुंपणाच्या भिंती नीट ठेवायच्या, कर भरायचे, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, आणि एक तर थोडं भाडं द्यायचं, नाही तर ओरेलच्या नावाने स्टॅन्ली हॉस्पिटलला दरवर्षी देणगी द्यायची. सभासदांनी स्वतः हातोड्या घेऊन कठडे ठोकले. सप्टेंबर १८८४ च्या अखेरीस अर्ल्सटाउनला ५-० हरवून एव्हर्टनने अ‍ॅनफील्डवरचा पहिला सामना जिंकला.

या टप्प्यावर कुणाचीच तक्रार नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. क्लबपाशी होतं काय? देणगीवर मिळालेली जागा आणि एक वजनदार हितचिंतक.

एकाच माणसाच्या पाच खुर्च्या

१८८५ हे वर्ष या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. फुटबॉल असोसिएशन या इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेने खेळाडूंना पगार देणं कायदेशीर केलं, आणि हूल्डिंगने अ‍ॅनफील्डची जागा ओरेल घराण्याकडून विकत घेतली. पहिल्या गोष्टीने क्लबला पैशाची गरज निर्माण केली. दुसरीने तो पैसा कुणाकडे वळेल ते ठरवलं.

आता हूल्डिंग क्लबचा अध्यक्ष होता. मैदानाचा मालकही तोच. क्लबला अडीनडीला कर्ज देणारा तोच. मैदानात खाण्यापिण्याचे पदार्थ विकण्याचा हक्क त्याने स्वतःकडे राखलेला. आणि जवळचं सँडन हॉटेल त्याचं, जिथे खेळाडू कपडे बदलायचे आणि क्लबच्या बैठका भरायच्या. सामना संपवून प्रेक्षक तहानलेले बाहेर पडत तेव्हा पहिली दारं कुणाची दिसत, हे सांगायला नको.

पुनर्विकासाला काढलेल्या सोसायटीचा चेअरमन आणि बिल्डर एकच निघाला तर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो माणूस बेइमानच असतो असं नाही. तो मनापासून सोसायटीचं भलं चिंतत असेल. पण दर ठरवायला बसल्यावर टेबलाच्या पलीकडे कुणीच उरत नाही.

हूल्डिंगच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती बहुतेक वेळा गाळली जाते. सुरुवातीला त्याने वर्षाला १०० पाउंड भाडं घेतलं. ते वाढत १८८९-९० च्या हंगामापर्यंत २५० पाउंडांवर गेलं. ऐकायला अडीचपट. पण जागेत त्याची गुंतवणूक सुमारे ६,००० पाउंडांची होती आणि २५० पाउंड म्हणजे त्यावर वर्षाला चार टक्क्यांच्या थोडं वर. हा काही लुटीचा दर नव्हे. त्याचा युक्तिवाद असा की क्लब गरीब होता तेव्हा मी कमी घेतलं, आता क्लब कमावतोय तर मला माझ्या पैशाचं रास्त व्याज मिळू दे. जागामालक म्हणून त्याचं म्हणणं चूक नाही.

चुकतं ते अध्यक्ष म्हणून. कारण मधल्या काळात मैदानाची किंमत वाढवली कुणी? सभासदांच्या वर्गणीने आणि गेटच्या पैशाने स्टँड उभे राहिले. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली तेव्हा एका गावातून एकच क्लब घ्यायचा असं ठरलं आणि लिव्हरपूलच्या पट्ट्यातून एव्हर्टनची वर्णी लागली, शेजारच्या बूटलची नाही. (त्या बारांतला ब्लॅकबर्न रोव्हर्स आता पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे.) ठरलेल्या तारखांना, ठरलेले, तोलामोलाचे सामने होऊ लागल्यावर अ‍ॅनफील्डवर हजारोंची गर्दी नेमाने यायला लागली. मार्च १८८९ मध्ये तिथे इंग्लंड-आयर्लंड आंतरराष्ट्रीय सामना झाला. १८९०-९१ मध्ये प्रेस्टन या क्लबची सद्दी मोडून एव्हर्टन विजेता झाला. त्याच १८९१ साली इकडे मुंबईत रोव्हर्स कप सुरू होत होता, पण तो लष्करी पलटणींचा खेळ होता. लिव्हरपूलमध्ये फुटबॉल तोवर गोदीतल्या, कारखान्यातल्या माणसाचा शनिवार झाला होता आणि त्या शनिवाराला रोख किंमत आली होती.

म्हणजे भाडेकरूने घर सजवलं आणि सजवलेल्या घराचं भाडं वाढलं. त्यात भाडेकरूंचा पुढारी आणि घरमालक एकच.

ओरेलचा रस्ता

ठिणगी पडली ती बाहेरून. मैदानाला लागून असलेली पट्टी अजून जॉन ओरेलच्याच नावावर होती. १८९१ मध्ये त्याने कळवलं की आपल्याला आपल्या जमिनीवर रस्ता काढायचा आहे. तो रस्ता झाला असता तर क्लबने बांधलेल्या स्टँडचा काही भाग पाडावा लागला असता. विरोधकांनी लगेच विचारलं, ओरेलचा हा हक्क हूल्डिंगला जमीन घेतानाच ठाऊक नव्हता का? ठाऊक असेल तर कार्यकारिणी त्या जागेवर स्टँडसाठी पैसे ओतत होती तेव्हा अध्यक्ष गप्प का बसले?

हूल्डिंगने तोडगा सुचवला. क्लबची मर्यादित कंपनी करावी आणि तिने त्याची व ओरेलची, दोन्ही जमिनी विकत घ्याव्यात. एकत्र किंमत ९,००० पाउंडांच्या वर. कागदावर हा तोडगा दूरदृष्टीचा होता. क्लब स्वतःच्या मैदानाचा मालक झाला असता, भाड्याची कटकट कायमची मिटली असती. पण सूचना मांडणारा अध्यक्ष, किंमत लावणारा मालक आणि पैसे मिळणारा विक्रेता एकच असल्यावर सभासदांना त्यात दूरदृष्टी दिसेल कशी? त्यांना दिसलं ते एवढंच की वाढलेल्या किमतीला आपला अध्यक्ष आपल्यालाच जमीन विकतोय, आणि वर खाण्यापिण्याच्या विक्रीचा हक्कही सोडत नाहीये.

सभासदांनी उलट प्रस्ताव दिला: वर्षाला १८० पाउंड भाडं. हूल्डिंगने नाकारला. दोन आकड्यांत फरक ७० पाउंडांचा. विजेत्या क्लबच्या उलाढालीत ७० पाउंड म्हणजे काहीच नाही. ज्यांना हे भांडण निव्वळ पैशाचं वाटतं त्यांनी या ७० पाउंडांपाशी थांबून विचार करावा. तेवढ्यासाठी कुणी तयार स्टँड, सरावाचं मैदान आणि आठ वर्षांची सवय सोडून चिखलात जात नाही.

खिशात मैदान

विरोधकांचा म्होरक्या होता जॉर्ज मेहन. पेशाने हिशेबनीस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, राजकारणाने लिबरल. त्याच्यासोबत डॉ. जेम्स बॅक्स्टर हे कॅथलिक डॉक्टर. या गटात दारूबंदीला अनुकूल लोक होते हे खरं आहे आणि हॉटेलात कपडे बदलणारा संघ त्यांच्या डोळ्यांत सलत असणार हेही. पण दारू हेच कारण मानायला मी तयार नाही. हेच लोक सँडनमधल्या बैठकांना वर्षानुवर्षं बसत होते. तत्त्व आधीपासून होतं, त्याला धार आली ती व्यवहार बिघडल्यावर.

मेहनने केलेलं मोलाचं काम भाषणाचं नव्हतं. जागा सोडू म्हणणं सोपं, पण जायचं कुठे? मैदान नसलेल्या क्लबला लीगमध्ये किंमत काय? हूल्डिंगची सगळी भिस्त याच प्रश्नावर होती. २५ जानेवारी १८९२ च्या सभेबद्दल जो प्रसंग सांगितला जातो तो यामुळेच टिकलाय. मेहन पर्यायी मैदानाबद्दल बोलत असताना कुणीतरी ओरडलं, तुम्हाला मैदान मिळणारच नाही. मेहन म्हणाला, ते माझ्या खिशात आहे, आणि त्याने कागद बाहेर काढला. स्टॅन्ली पार्कच्या उत्तरेला, वॉल्टनमध्ये, गुडिसन रोडवरची मीअर ग्रीन नावाची जागा भाडेपट्ट्याने घेण्याचा हक्क त्याने आधीच मिळवून ठेवला होता. हा नुसता नाट्यमय क्षण नव्हता. त्या कागदाने हूल्डिंगच्या हातातला एकुलता एक हुकूम काढून घेतला.

सभेने बहुमताने मेहनची बाजू घेतली. हूल्डिंगचं अध्यक्षपद गेलं. मार्चमध्ये क्लबने अ‍ॅनफील्ड सोडायचं पक्कं केलं. १५ मार्च १८९२ रोजी अ‍ॅनफील्ड रोडवरच्या हूल्डिंगच्या घरी मूठभर समर्थक जमले आणि त्यांनी नवा क्लब काढला.

जागा फुकट नव्हती आणि तयार तर अजिबात नव्हती. मीअर ग्रीन म्हणजे ओलसर, खड्ड्यांनी भरलेली पडीक जमीन. साफसफाई आणि सपाटीकरणावरच ५५२ पाउंड गेले. वॉल्टनच्या केली बंधूंनी स्टँड बांधले: प्रत्येकी ४,००० माणसांचे दोन उघडे आणि ३,००० माणसांचा एक छपराचा. डॉ. बॅक्स्टरनी १,००० पाउंड बिनव्याजी दिले. एक कर्ज हूल्डिंगचं, एक बॅक्स्टरचं. दोघेही क्लबचे हितचिंतक, पण एकाच्या कर्जासोबत जमीन, हॉटेल आणि विक्रीचे हक्क येत होते, दुसऱ्याच्या कर्जासोबत काही येत नव्हतं. २४ ऑगस्ट १८९२ रोजी फुटबॉल असोसिएशनचे लॉर्ड किनेर्ड यांच्या हस्ते गुडिसन पार्कचं उद्घाटन झालं. त्या दिवशी फुटबॉलचा सामना नव्हताच, धावण्याच्या शर्यती झाल्या आणि आतषबाजी. लीगचा पहिला सामना पुढच्या आठवड्यात.

नाव कोणाचं?

या प्रकरणातला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग हा, आणि तो सहसा दोन ओळींत उरकला जातो. जानेवारीची सभा हरल्यावर हूल्डिंग स्वस्थ बसला नाही. लगेच दुसऱ्या दिवशी त्याने ‘एव्हर्टन फुटबॉल क्लब अँड अ‍ॅथलेटिक ग्राउंड्स कंपनी लिमिटेड’ या नावाने कंपनी नोंदवण्याची हालचाल केली. डाव चतुर होता. सभासद जाऊ देत, संघही जाऊ दे. मैदान माझं आणि नावही माझं असेल तर लीगमधली जागा माझीच.

प्रश्न गंभीर होता, कारण तोवर क्लब ही कायद्याच्या दृष्टीने ठोस वस्तू नव्हती. कंपनी नाही, मालमत्ता नाही. वर्गणी भरणाऱ्या माणसांचा एक समूह, एवढंच. मग एव्हर्टन म्हणजे काय? अ‍ॅनफील्डवर जो खेळतो तो? की ज्याच्या बाजूने बहुसंख्य सभासद आहेत तो? फुटबॉल असोसिएशनने निर्णय दिला की आधीच संलग्न असलेल्या क्लबच्या नावाशी साधर्म्य असणारा दुसरा क्लब घेतला जाणार नाही. लीगनेही मूळ सभासदांनाच एव्हर्टन मानलं. म्हणजे क्लब मैदानाबरोबर जात नाही, माणसांबरोबर जातो. हूल्डिंगला माघार घ्यावी लागली आणि जून १८९२ मध्ये कंपनीच्या नावातलं एव्हर्टन जाऊन तिथे लिव्हरपूल आलं. एका वस्तीचं नाव हातचं गेलं म्हणून अख्ख्या शहराचं नाव घ्यावं लागलं. हा सौदा पुढे तोट्याचा ठरला नाही.

गमतीची गोष्ट अशी की या भांडणानंतर दोन्ही क्लब एव्हर्टन वस्तीच्या बाहेरच राहिले. एक अ‍ॅनफील्डला, दुसरा वॉल्टनला.

रिकाम्या मैदानाचा संघ

हूल्डिंगकडे पैसा होता, मैदान होतं, एव्हर्टनचा जुना पदाधिकारी विल्यम बार्कले होता आणि जॉन मकेना हा आयरिश कारभारी होता. बहुतेक सगळे खेळाडू गुडिसनला गेले होते, तेव्हा मकेनाने स्कॉटलंडमधून माणसं आणली. पहिला संघ जवळजवळ पूर्ण स्कॉटिश होता, ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचा. शर्ट निळे-पांढरे होते, लाल रंग १८९६ मध्ये आला. १ सप्टेंबर १८९२ रोजी अ‍ॅनफील्डवर त्यांनी रॉदरहॅम टाउनला ७-१ हरवलं. तो मैत्रीपूर्ण सामना होता, कारण लीगने त्यांना पहिल्या वर्षी घेतलंच नाही. ते लँकेशायर लीग खेळले आणि जिंकले. एप्रिल १८९३ मध्ये लिव्हरपूल सीनियर कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनलाही १-० नमवलं.

त्याच वर्षी बूटलने आर्थिक ओढाताणीमुळे लीगची दुसरी श्रेणी सोडली आणि लिव्हरपूलला तिथे प्रवेश मिळाला. १८८८ मध्ये एव्हर्टनमुळे मागे राहिलेला क्लब पाच वर्षांनी एव्हर्टनच्याच फुटीतून निघालेल्या क्लबला जागा करून गेला. १८९३-९४ चे २८ सामने लिव्हरपूलने न हरता काढले, मग बढतीच्या सामन्यात न्यूटन हीथला (पुढचा मँचेस्टर युनायटेड) २-० हरवून पहिली श्रेणी गाठली. १३ ऑक्टोबर १८९४ रोजी गुडिसनवर दोन्ही क्लब लीगमध्ये पहिल्यांदा समोरासमोर आले. प्रेक्षक सुमारे ४४,०००. एव्हर्टन ३-० जिंकला. दोन वर्षांपूर्वी एका क्लबचं पोट भरेल की नाही यावर ७० पाउंडांची घासाघीस चालली होती, त्या शहरात आता दोन क्लब मावत होते. १९०१ मध्ये लिव्हरपूल पहिल्यांदा विजेता झाला. हूल्डिंग मधल्या काळात शहराचा लॉर्ड मेयर होऊन गेला होता. ते विजेतेपद त्याने पाहिलं आणि पुढच्या वर्षी, १९०२ मध्ये, फ्रान्समधल्या नीस इथे तो वारला.

फुटीनंतरची क्लबांची घडण या वादाबद्दल बरंच सांगते. १८९२ मध्ये दोघेही मर्यादित कंपन्या झाले. एव्हर्टनने शेअर शेकडो छोट्या सभासदांत वाटले, वार्षिक सभा गरमागरम व्हायच्या, संचालकांना उत्तरं द्यावी लागायची. लिव्हरपूलचे शेअर हूल्डिंग आणि त्याच्या निकटच्या मोजक्या लोकांकडे राहिले. ज्या गोष्टीवरून भांडण झालं होतं तिची दोन उत्तरं शेजारी शेजारी उभी राहिली, आणि खेळाच्या मैदानावर दोन्ही चालली. मोजक्या हातांत असलेला क्लब बुडाला नाही, लोकशाहीवाल्यांचाही नाही. त्यामुळे मेहनची पद्धत श्रेष्ठ होती असा निकाल मी देणार नाही.

मात्र एक हिशेब मांडावासा वाटतो. १८९१ मध्ये ९,००० पाउंडांवर अ‍ॅनफील्ड विकत घेणं म्हणजे क्लबच्या गळ्यात धोंडा, असं मेहनचा गट सांगत होता. १८९५ मध्ये त्याच गटाने लेलँड घराण्याकडून गुडिसन पार्कची जमीन सुमारे ८,००० पाउंडांना विकत घेतली. स्टँड, सपाटीकरण, कुंपण हा खर्च वेगळा. तो सगळा धरला तर हूल्डिंगच्या प्रस्तावापेक्षा फार स्वस्त पडलं असं म्हणता येत नाही. सभासदांनी कुरकुर न करता मान्यता दिली, कारण या वेळी विक्रेता क्लबचा अध्यक्ष नव्हता.